व्याह्यांचं 'खचित'

शहाडपासून ठाण्यापर्यंत बायबलातली मराठी भाजीवाल्याशी बोलायला वापरणारा माझ्या व्याह्यांसारखा दुसरा माणूस नसेल. असलाच तर तो त्यांचाच शिष्य असणार. आपण जिथे 'हो' म्हणून मोकळे होतो, तिथे ते छाती भरून 'खचित' म्हणतात. माझ्या मुलीने त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मी कडक चेहरा करून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, "आमची मुलगी इथे सुखात राहील ना?" "खचित!" हे इतकं ठणकावून आलं की टीपॉयवरचा केक हलला. मी जन्मभर साहेबलोकांची भाषणं ऐकलेला माणूस. ठामपणा दिसला की मागे पोकळ आहे का हे वाजवून बघायची मला सवय. म्हटलं, बघू.

विहीणबाईंनी तर कधीच वाजवून बघितलं होतं. 'भेंडी कोवळी आहे ना?' या प्रश्नाला व्याह्यांनी 'खचित' म्हटलं की पिशवीतून हमखास जून भेंडी निघे. "तुमचं खचित शिजत नाही हो," त्या म्हणत. शेअर रिक्षावाल्याने एकदा चौथा म्हणून व्याह्यांना शेजारी बसवायला बघितलं, तर हे म्हणाले, "मी तुला खचित सांगतो, बाळा, त्या आसनावर मी बसणार नाही." त्याने आदराने विचारलं, "काका, नाटकात काम करता काय?"

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बायबलचा अभ्यास चाले. खालच्या मजल्यावरचं नवं जोडपं, चर्चमधली एक नर्स, माझी मुलगी आणि अश्रद्धांचा प्रतिनिधी म्हणून मी. मी मुख्यतः केकसाठी जायचो. नोहाच्या तारवाची लांबी 'हातां'त दिलेली आहे हे कळल्यावर मी आपला खवचटपणे विचारून गेलो, "हात म्हणजे नक्की कोणाचा?" त्याची शिक्षा म्हणून पुढच्या रविवारी मी सोसायटीच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीकडे रस्त्यावर ओणवा होऊन कोपरापासून बोटांपर्यंतचा माझा हात पुन्हापुन्हा टेकवत सरकत होतो. व्याह्यांचा हात आखूड. "अविश्वासूचा चालतो," ते खडूने खुणा करत म्हणाले, "मोजमापाला श्रद्धा लागत नाही."

टोपली घेऊन निघालेली कोळीण थबकली. "कंच्या देवाचा नवस हाय, काका?"

व्याह्यांनी तिला प्रलयाची अख्खी गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हणाली, "पन पुरात मासली कुठं मरतं? मंग तवा आमचा धंदा बरा चालला असंल." व्याही इतके हरखले की पुढचा गुरुवार त्यांनी पूर्ण मासळीवर घेतला.

वरून खिडकीतून विहीणबाई ओरडल्या होत्या, "तारू मोजून झालं की मोरीतला गळका नळ बघा!"

त्यांच्या अभ्यासाचा एकच नियम, एकही ओळ गाळायची नाही. त्यामुळे वंशावळी आल्या की आमचे हाल. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असे गुरुवारमागून गुरुवार. "व्याही, ही तर जिन्याखालची नावांची पाटी झाली," मी कुरकुरलो. ते शांतपणे म्हणाले, "त्या पाटीवर तुमचं नाव नीट आहे का बघता ना? मग यांचंही कुणी बघायला नको?"

आणि मग विहीणबाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. ठाण्याच्या हॉस्पिटलात बाकावर आम्ही दोघं. मुलं खाली औषधांच्या रांगेत. मी विचारलं, "सगळं नीट होईल ना, व्याही?" आणि त्या ठणठणीत 'खचित'ची वाट बघत बसलो.

"ठाऊक नाही हो," ते म्हणाले.

जन्मभर ठाम माणसांची टिंगल केलेला मी, त्या क्षणी मला एक ठाम माणूस हवा होता आणि तो शेजारी बसून 'ठाऊक नाही' म्हणत होता. त्यांनी बायबल उघडलं. "चष्मा घरी राहिला वाटतं," म्हणाले. चष्मा नाकावरच होता. मी पुस्तक घेतलं आणि म्हटलं, "कुठून वाचू?" मला वाटलं, एखादं धीराचं स्तोत्र सांगतील.

"गुरुवारी थांबलो तिथून."

म्हणजे वंशावळच. मी वाचू लागलो. अमक्याला तमका झाला. माझा प्रत्येक उच्चार चुकत होता आणि व्याही प्रत्येक दुरुस्त करत होते. वॉर्डबॉय येऊन दटावून गेला, "काका, मतदार यादी जरा हळू वाचा." दुरुस्त्या करता करता त्यांचा आवाज जागेवर आला. म्हणाले, "बघा, किती माणसं. यातल्या प्रत्येकासाठी कुणीतरी असंच दाराबाहेर बसलं असेल. पण देवाने एक नाव गाळलं नाही. हिचं कसं गाळेल? वाचली तरी आणि नाही तरी."

मी पुढचं नाव वाचलं, चुकीचं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात पहिला प्रश्न विचारला, "नळ नीट केलात?" व्याही "नाही" म्हणाले आणि हमसून रडले.

त्यानंतर त्यांनी तो शब्द जवळजवळ टाकलाच आहे. भाजीवाल्याशी साधं 'हो-नाही' बोलतात. भेंडी तरीही जूनच निघते. मला मात्र गुरुवारी चुकल्यासारखं होतं. मी मुद्दाम विचारतो, "व्याही, आज केक आहे ना?"

"असेल बहुतेक," ते म्हणतात आणि मान जराशी स्वयंपाकघराकडे कलती करून थांबतात. मीही थांबतो. आतून एक आवाज येतो, पूर्वीपेक्षा बारीक, मध्ये दम घेतलेला.

"ख... चित!"