गाडी वळायची जागा

लग्न लागून वरात माझ्या गावाकडे निघाली तेव्हा माझ्या बायकोनं पहिला शब्द काढला तो माझ्याशी नाही, टेंपोच्या ड्रायव्हरशी. मुंडावळ्या बांधलेल्या, मान खाली. कशेळं सोडल्यावर चढ लागला, टेंपो घरघरायला लागला, आणि ही मान वर न करता म्हणाली, "दादा, खालचा गिअर टाका. चढ हाय." ड्रायव्हरनं गिअर टाकला, टेंपो चढला. माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "ही सून आणलीय का कंट्रोलर?" स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडतो तो कंट्रोलर. तेच नाव पडलं. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेवढंच. मीही तिला कधी नावानं हाक मारली नाही. आता मारून काय उपयोग.

तिचं माहेर खोपोलीचं. घाटाच्या तोंडाशी बापाचं पंक्चरचं दुकान, बाजूला पाण्याचा हौद. त्या काळी घाट चढण्याआधी ट्रक तिथं थांबायचे, रेडिएटरात पाणी भरून घ्यायचे. बादल्या उचलायला ही. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण हौदावर. कुठला ट्रक घाटात बसणार, कुठला ड्रायव्हर ब्रेक जाळत आलाय, ते ती नुसत्या वासावरून सांगायची. "गाडीला आधी तहान लागती, राग मागून येतो," असं म्हणायची. मला म्हैस कळते, तिला गाडी कळायची. त्यावर आमचा संसार बरा चालला.

आमचं गाव कशेळ्याच्या पलीकडे. रस्ता आमच्या दारातच संपतो. मुक्कामाची एसटी गाडी संध्याकाळी सातला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी कर्जतला न्यायचे. गाडी वळायची जागा आमच्या घरासमोर. एका अंगाला आमचा ओटा, दुसऱ्या अंगाला ओढा. आवाज आला की ही पिठाचे हात तसेच घेऊन गाडीच्या मागे उभी. "आन... आन... आन... बास." नवा ड्रायव्हर असला तर कंडक्टर त्याला आधीच सांगून ठेवायचा, मावशी येऊ दे, मग मागे घे. गाडी उभी राहिली की ही मागच्या पत्र्यावर थाप मारायची, म्हशीच्या पुठ्ठ्यावर मारतो तशी. सकाळी दोघांना तोंड धुवायला चुलीवरचं गरम पाणी. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

स्वतः ती गाडीत फार बसली नाही. वर्षातून एकदा कर्जत स्टेशन. पुण्याकडची गाडी तिथं थांबते आणि घाटात ढकलायला मागे इंजिनं जोडतात, ते बघायचं. तासभर फलाटावर उभी. मी एकदाच गेलो बरोबर. कंटाळून म्हणालो, यात बघायचं काय? "पुढच्याला वाटतं आपनच ओढतोय," ती म्हणाली. "ढकलनारं मागं असतंय." शाळेचे गुरुजी तिला म्हणाले होते, असा नाद असतो लोकांना, ते तिकिटं जमवतात, तुम्हीपण जमवा. ही हसली. "जमवायचं काय त्यात, गुरुजी? गाडी घरात ठेवता येती का?"

त्या वर्षी शिमगा झाला आणि करोनानं सगळंच बंद पडलं. गावच्या पोरांनी वेशीवर करवंदीच्या फांद्या टाकल्या. गाडी गेली ती गेली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मोटारसायकली घेतल्या. डोंगराखालच्या वाडीवरच्या बाया पहाटेच्या गाडीनं भाजीच्या पाट्या घेऊन बाजारी जायच्या, त्या अंधारात कशेळ्यापर्यंत चालायला लागल्या. गणपतीनंतर हिनं वळायच्या जागेवरचं गवत काढलं. मी म्हणालो, कुणासाठी काढतेस? ही विळा घासत राहिली.

दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि हिला ताप भरला. त्या वर्षी ताप आला तर सांगायची सोय नव्हती. कशेळ्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवस वेगळं ठेवा म्हणाला. मागच्या खोलीत ठेवली. मी वेड्यावाकड्या भाकऱ्या थापायचो, ताट उंबऱ्यात ठेवायचो. ही भाकरी उचलून बघायची आणि विचारायची, "ह्यो कुठला तालुका?" दिवसभर दाराआडून तिचं चालू असायचं. दुधाचा टेंपो गेला, सायलेन्सर फुटलाय त्याचा. ही जीप कडावच्या बाजूची, डावा स्प्रिंगचा पाटा वाजतोय. ऐकून मला बरं वाटायचं. खोकत का होईना, बोलतेय ना. पण रस्त्यानं गाड्याच किती जायच्या? मग मीच दाराशी जाऊन विचारायचो, आता काय गेलं गं? ती म्हणायची, "काय बी नाय गेलं. तुमी आलाय."

चूक मी त्या पंधरा दिवसांत केली. दरवर्षी पेंढा शेतावर रचतो. शेत लांब, हिला एकटीला टाकून जाणार कसा? घरासमोर जागा मोकळी होती. मी पेंढ्याची उडवी तिथंच रचली. चांगली रचली होती, घराच्या कौलाला टेकेल एवढी उंच. मनात म्हटलं, गाडी कशाला येतेय आता.

सोळाव्या दिवशी तिला ओट्यावर उन्हात आणून बसवली. अंग निम्मं झालेलं. तिनं समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गाडी कुठं वळंल?"

"कंची गाडी?" मी म्हणालो. "नऊ महिनं झालं."

तिनं पदर नाकावर ओढला आणि तोंड फिरवलं.

मार्गशीर्षाच्या थंडीत वाडीवरची सोमी बातमी घेऊन आली. डेपोवाले मुक्कामाच्या गाड्या एकेक करून चालू करतायत, साहेब जीपमधून रस्ते बघत फिरतोय. तेव्हापासून ही सकाळपासून ओट्यावर. फक्त दुपारी गोळी घेतली की आत तासभर डोळा लागायचा. साहेब नेमका त्या तासात आला. उतरला, पावलं टाकून जागा मोजली, मला विचारलं, "बाबा, ही उडवी कुणाची?"

"हाय कुणाची तरी," मी म्हणालो.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, वळायला जागा नाही तर गाडी देऊ कशी? आणि जागा अडवलीय म्हणजे गावालाच नको असेल. आत्ता यादीत नाव आलं नाही तर ही फेरी गेली समजा. वहीत लिहिलं आणि गेला. मी गप्प बसलो. का, ते सांगतो. एक तर आळस, एवढी उडवी पुन्हा हलवायची कुणी. आणि दुसरं, गाडी आली की ही मागे उभी राहून धूर खाणार, छातीचा आधीच भाता झालेला. पण दुसरं कारण मला मागाहून सुचलं. आधी आळसच.

मी आत गेलो तर ती डोळे उघडे ठेवून पडलेली.

"डेपोची जीप आलती," ती म्हणाली. "हितं बंद झाली, परत चालू झाली. मधी तुमी काय बोल्ला?"

सांगितलं. झोपेत जीप ओळखणाऱ्या बाईशी खोटं काय बोलणार? तिनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं.

"तुमी माझी गाडी घालवली," एवढंच म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं मला "माझं" म्हणून काही मागितलं नव्हतं. घर आमचं, म्हशी माझ्या, पोरी दोघांच्या. गाडी तेवढी तिची, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती उडवीशी. एक पेंढी ओढायची, ओढ्याच्या कडेला ठेवायची, बसायची. दम खायची, पुन्हा एक. मी ओट्यावरून बघत होतो. उन्हं वर येईपर्यंत नुसता बसून बघत होतो, हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसं लिहितो. वाटलं, दहा पेंढ्यांत थकेल. थकली, पण थांबेना. रस्त्यानं सोमी आणि वाडीवरच्या चार बाया बाजारातून परत येत होत्या. त्यांनी पाट्या खाली ठेवल्या आणि काही न विचारता भारे बांधायला घेतले. सोमी मला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा बसलंत का? बसा, बसा. आमी बाया हाव."

मग उठलो. संध्याकाळपर्यंत सगळा पेंढा शेतावर. डोक्यावर मीही वाहिला. ही शेवटी खराटा घेऊन आली आणि जागा झाडली, काडी न काडी.

तरी माझ्याशी बोलेना. चहा पुढ्यात यायचा, शब्द यायचा नाही. चौथ्या दिवशी मी तोंडाला रुमाल बांधला, कशेळ्यापर्यंत चालत गेलो, तिथून जीपनं कर्जत. डेपोत साहेबाच्या टेबलापुढे उभा राहून म्हणालो, उडवी माझी होती, हलवली, गाडी द्या.

साहेब म्हणाला, "त्या दिवशी का नाय बोललात, बाबा? आज बायकोनं पाठवलं वाटतं."

"नाय साहेब," मी म्हणालो. "बायको बोलत नाय म्हणून आलोय."

तो हसला, बाजूचा क्लार्क हसला. पण वही उघडली. म्हणाला, बघतो, शब्द देत नाही. घरी येऊन मी हिला तेवढंच सांगितलं. रात्री ताटात अंड्याची पोळी पडली.

संक्रांत होऊन गेली होती. संध्याकाळी मी धार काढत होतो. ही गोठ्याच्या दाराशी आली आणि बोट वर करून उभी राहिली. मला काहीच ऐकू येईना. म्हैस, रातकिडे, लांब कुठंतरी कुत्रं. "चढाला लागली," ती म्हणाली. "दुसऱ्या गिअरवर हाय. ड्रायव्हर नवा हाय, घाबरतोय." मग मलाही ऐकू आलं. वेशीवरून दिवे आले. वाडीवरच्या बाया खाली उतरल्या, रिकाम्या पाट्या घेऊन, हसत. ड्रायव्हर खरंच नवा पोरगा होता, ओढा बघून गाडी मागे घेईना. ही मागे जाऊन उभी राहिली. मास्क हनुवटीवर, आवाज बसलेला, पण "आन... आन..." करत त्याला मागे आणत राहिली, चाक ओढ्यापासून वीतभर राहीपर्यंत. मग पत्र्यावर थाप. मग महिनाभरानं पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "दोन भाकऱ्या जास्त थापते, पोरं लांबून आल्यात."

तो हिवाळा आमचा चांगला गेला. लोक म्हणतात ते वर्ष वाईट होतं, असेल. आम्ही रोज सहाला ओट्यावर बसायचो, मधे शेकोटी. ती ऐकायला शिकवायची, मी शिकायचो. गिअर कळायला मला फाल्गुन उजाडला. ब्रेक कधीच कळले नाहीत. ती म्हणायची, "तुमास्नी म्हैसच बरी."

त्यानंतर दोन पावसाळे काढले तिनं. तिसऱ्याला छाती भरली आणि एका दुपारी झोपेतच गेली. पोरी आल्या, रडल्या, त्यांच्या घरी गेल्या. चालायचंच.

आता म्हशी विकल्या. मी ओट्यावर असतो. गाडी येते, पण माणसं कमी, ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल. गेल्या महिन्यात पुतण्यानं नवा टेंपो घेतला आणि आणून उभा केला तो बरोबर वळायच्या जागेत. मी म्हणालो, हलव. तो म्हणाला, कोपऱ्यात तर आहे, गाडी वळेल कशीबशी.

"कशीबशी नाय," मी म्हणालो. "हलीव."

"काका, काकी गेली. आता कोन बघतंय?"

"काकी गेली. गाडी नाय गेली. हलीव."

हलवला त्यानं, पुटपुटत. सातला गाडी आली, एका दमात वळली, उभी राहिली. उतरली दोनच माणसं. दोन तर दोन.