द्यावेत

आमच्या चाळीत मला मागून 'द्यावेत' म्हणत. तोंडावर 'ताई'च. हे नाव पडलं एका नोटिशीवरून, आणि ते पाडायला मीच कारण झाले, त्यामुळे कुणाला दोष देत नाही.

गिरगावातली आमची चाळ पाडून नवी इमारत होणार, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नसे. पण या वेळी सरकारी माणसं खरंच टेप घेऊन आली, खोल्या मोजून गेली, आणि मग जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. 'सर्व रहिवाशांनी सर्वेक्षणाच्या वेळी उपस्थित राहून दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे द्यावेत.'

मी आयुष्यभर फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात भाषांतराचं काम केलं. इंग्रजी कागद मराठीत करायचे, मराठी इंग्रजीत. इंग्रजी कायद्यात 'मे' असेल तर मर्जी, 'शॅल' असेल तर सुटका नाही. आपण मराठीत 'द्यावेत' लिहून मोकळे होतो. लग्नपत्रिकेत 'यावे' असतं ती विनंती. समन्सात 'हजर राहावे' असतं तो हुकूम. डॉक्टर 'पाणी भरपूर प्यावे' म्हणतात तो सल्ला, आणि आई 'दिवेलागणीच्या आत घरी यावं' म्हणायची ती सरळ धमकी. शाळेत याला विध्यर्थ म्हणत. चाळीतल्या सगळ्यांनी नोटीस वाचली आणि तिचा अर्थ हुकूम असा लावला. सरकारी शिक्का दिसला की आपल्याला विनंती ऐकूच येत नाही.

मी अडून बसले त्याला विध्यर्थ एवढंच कारण नव्हतं. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ यायचे. कसल्याशा भांडणात त्यांना अटक झाली होती, ठसे घेतले गेले होते, पुढे ते निर्दोष सुटले. सुटलेल्या माणसाचे ठसे नष्ट करायला हवेत, आणि आपले झाले की नाहीत एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांचे अर्ज मीच लिहायची. उत्तर कधी धड आलं नाही. ते एकदा मला म्हणाले, "बाई, घराचं कुलूप बदलता येतं हो, बोटं कुठून बदलून आणू?" मग ते यायचे थांबले. त्यांचं ते वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी म्हणजे समोरच्या खोलीतल्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, मालवणकडच्या. यजमान गेले, मुलगा बदलापूरला. मी लग्न केलं नाही, आणि आई गेल्यापासून एकटीच. माझ्या खोलीची दुसरी किल्ली वहिनींच्या देवळीत असायची आणि त्यांची माझ्या दारामागच्या खिळ्याला. चाळीत ही पद्धतच असते. तिला कुणी कधी नियम केला नाही की कागद केला नाही. एकदा तापात मी मोरीत पडले तेव्हा वहिनींनीच कुलूप उघडून मला उठवलं होतं. 'तुझो आवाज ऐकू नाय इलो म्हणान इलंय,' म्हणाल्या होत्या. आवाज आला नाही म्हणून येणारं माणूस मला तेवढं एकच होतं.

सर्वेक्षणाच्या दिवशी लोक इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभे होते, जणू फोटोच काढायचा आहे. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मशीनवर बोटं नीट उठावीत म्हणून हात साबणाने धुऊन आल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिल, सगळं टेबलावर ठेवलं आणि त्या तरुण अधिकाऱ्याला विचारलं, "ठसे कोणत्या कायद्याखाली घेताय?"

तो म्हणाला, "मॅडम, नोटिशीत आहे ना. द्यावेत."

"द्यावेत म्हणजे विनंती की हुकूम?"

"द्यावेत म्हणजे द्यायचे, मॅडम."

मागे कुणीतरी हसलं. मी काही मुकाट्याने बसणाऱ्यांतली नाही. मी त्याला म्हटलं, की माणसाचा खाजगीपणा हा त्याचा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच सांगितलंय. सरकारला त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग रास्त कारण हवं, आणि मागायचं तेही त्या कारणापुरतंच. मी या खोलीत राहते हे पावत्यांवरून कळतंय ना? मग बोटं कशाला? ती ठेवणार कुठे, किती वर्षं, आणि चाळ बांधून झाली की पुसणार कोण?

बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने शांतपणे माझ्या नावापुढे 'ठसे नाकारले' असं लिहिलं आणि म्हणाला, "नेक्स्ट."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की हिच्यामुळे फाइल अडणार. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी येऊन बजावून गेले, "ताई, तुमचं कोर्टाचं ज्ञान तुमच्यापाशी ठेवा. इथे चाळीस वर्षं लोक संडासाच्या लाइनीत उभे आहेत." त्या लाइनीत मीही उभी राहतच होते.

मग हळूहळू सगळं बंद झालं. कुणी भांडलं नाही; भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. गॅलरीत मी आले की बोलणी थांबायची आणि मी गेले की सुरू व्हायची. पाडव्याला श्रीखंडाची वाटी आली नाही. मी पुरणपोळ्या करून दोन घरी दिल्या, तर ताटं तशीच झाकलेली परत आली. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस रेडिओ लावतो. मी तर रेडिओवरच्या बाईच्या व्याकरणाच्या चुका मोठ्याने काढू लागले होते.

आणि एका सकाळी वहिनी किल्ली घेऊन दारात आल्या. उंबरठ्याच्या आत आल्या नाहीत.

"ही घे गो तुझी चावी."

मी विचारलं, "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला होता. "माझे गुडघे बघ. ह्यो जिनो चढताना माझो जीव जाता. मरच्याआधी एकदा लिफ्टीत बसान घराक जावचा हा माका. तू चार बोटां टेकवलं असतंस तर काय झाला असता?"

मी त्यांची किल्ली खिळ्यावरून काढून दिली. हक्काची गोष्ट मी परक्या अधिकाऱ्याला धडाधड सांगितली होती, पण गुडघ्यांपुढे ती सांगता येईना. त्या दिवशी दार लावलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आता पडले तर कळणार कुणाला? भीती वाटली, आणि रागही आला. राग कुणाचा ते ठरवता येईना.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी कोर्टाची नाही चढले, पण त्या सरकारी कार्यालयाची चढले, अर्ज घेऊन, पुन्हा पुन्हा. शेवटी एका वयस्कर अधिकारी बाईंनी माझा अर्ज नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, ठसे ऐच्छिक आहेत. दुसरे पुरावे चालतात. तुम्हाला सक्ती कुणी केली?"

"नोटिशीत 'द्यावेत' आहे."

"मग? द्यावेतच आहे ना. 'द्यावेच लागतील' कुठे आहे?"

म्हणजे माझंच व्याकरण मला ऐकवलं. मी तेवढं अर्जावर लिहून, शिक्का मारून घेतलं. फाइल अडली होती ती भलत्याच कारणाने, जमिनीच्या कसल्याशा नकाशासाठी. माझ्यामुळे एक दिवसही अडली नव्हती. कागद मी सेक्रेटरींना दाखवला. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना!" आणि चहा न विचारता आत गेले. जिंकल्याचं सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून घरी येऊन भात टाकला.

पुढे नकाशाचं सुटलं आणि चाळ रिकामी करायचा दिवस आला. मला परळला संक्रमण शिबिरात खोली मिळाली. वहिनी इमारत होईपर्यंत मुलाकडे, बदलापूरला जाणार होत्या. खाली टेम्पो उभा होता. वहिनी मोकळ्या खोलीत गादीच्या वळकटीवर एकट्याच बसल्या होत्या. मी उंबरठ्यातच उभी राहिले.

"सेक्रेटरी म्हणालो, ता ऐच्छिक होता," त्या खाली बघत म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे कोणी मागूक नाय तरी मी हात धुवन गेलंय. माझी धाय बोटां तेंच्याकडे रवली." मग म्हणाल्या, "आणि तुझी चावी मात्र माका जड झाली."

मी परळच्या खोलीची दुसरी किल्ली बरोबर आणली होती. सकाळपासून ती मुठीत धरून घामेजली होती. ती पुढे केली आणि म्हटलं, "वहिनी, ही तुमच्याकडे ठेवावी."

त्यांनी मान वर केली. त्याही मला मागून 'द्यावेत' म्हणत असणार, कारण चटकन हसल्या. "इनंती काय हुकूम?"

"विनंती," मी म्हटलं.

"बदलापूरसून परळाक येवक किती येळ लागता, म्हायत हा?"

"माहीत आहे."

त्यांनी किल्ली घेतली, पदराच्या टोकात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. "मगे मी येयपर्यंत मरा नको," म्हणाल्या, आणि न्यायला आलेल्या मुलाचा हात धरून एकेक पायरी जिना उतरल्या.

परळच्या या खोलीशेजारी कोण राहतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचं दार दिवसभर बंद असतं. मोरीची फरशी मी रोज कोरड्या फडक्याने पुसते आणि आत जाताना भिंत धरते. वहिनींना यायला वेळ लागेल.