मोजायची राहिलेली उडी

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. अंगावर सांडला तर मला बोल लावू नका.

मला वाटलं होतं, गाव मला वेड्यात काढेल. पेणजवळचं आमचं खाडीकाठचं गाव, बर्फ पाहिलेला तो फक्त मासळीच्या पेटीत. तिथे मी स्की जंपिंग आणणार! विरोध होईल, मी भाषणं देईन, पोरींना जागं करीन... सगळी तयारी करून आले होते. आणि झालं काय? गाव एका दमात 'हो' म्हणालं! खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

थांबा, खेळ सांगते. पायाला माणसाहून लांब पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या उतारावरून सुसाट यायचं आणि टोकावरून हवेत झेपावायचं. जो लांब उतरेल तो जिंकला. नॉर्वेला आत्याकडे शिकले ना, तिथेच हे वेड लागलं. पण ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोठ्या स्पर्धांत मुलींना जागाच नव्हती. मुलांच्या आधी उतार नीट आहे का, ते बघायला आम्हाला सोडत! शेकडो उड्या मारल्या हो मी, पण एकही कुणी मोजली नाही. म्हणून ठरवलं, आपल्या गावी जायचं. तिथे माझी उडी मोजली जाईल.

बर्फ नव्हता, पण काकांच्या मिठागरात मिठाच्या राशी होत्या. पांढऱ्याशुभ्र, उतरत्या! आणखी काय हवं?

"काका, रविवारी मोठ्या राशीवरून उडी मारू?"

काकांनी काकीकडे बघितलं. काकीनेच विचारलं, "त्याच्यासाठीच जेवत नाय का गो तू?"

"हो. उडीपर्यंत वजन वाढून चालत नाही. भात नको, मासळी नको."

"आनि किती वर्सं चाललंय ह्ये?"

"दहा. माझं सगळं आयुष्य त्यातच आहे, काकी."

काकीचे डोळे भरून आले. "मार, बाय. कुनी आडवं येनार नाय."

काय ही पुरोगामी बाई, म्हटलं!

रविवारी बघते तर सगळं गाव हजर. रोह्याचे पाहुणे धाटावच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून आलेले. बेंजोवालेसुद्धा! काकांनी राशीच्या पायथ्याशी फळ्यांचा उंचवटा करून दिला होता. मी पट्ट्या उघडल्या, तशा बायकांनी त्यांना हळदकुंकू लावलं. वाटलं, दसऱ्याला अवजारांना लावतात, तसं असेल. एकीने तान्ही पोर माझ्या पायावर घातली. वाटलं, हिला पुढे खेळाडू करायची असेल. मी गहिवरून भाषणच ठोकलं, "मुलींनो, तुम्हीही उडा!" सगळ्यांनी हात जोडले. खेळाडूला कुणी हात जोडतं? म्हटलं, असेल इकडची पद्धत.

मग काकांनी पट्ट्यांवरच नारळ फोडला.

मे महिन्याचं ऊन, डोक्यावर हेल्मेट, आणि मी राशीच्या माथ्यावर. अंग पुढे झोकलं, तर पट्ट्या हलेचनात! जाडं मीठ, त्यात नारळाचं पाणी. वर मी, खाली गाव, मध्ये बेंजो. शेवटी दोन गड्यांनी मागून ढकललं. फळीवरून सुटले, क्षणभर हवेत, खरंच हवेत! आणि थेट पुढच्या वाफ्यातल्या खाऱ्या चिखलात, तोंडावर.

गाव नाचायला लागलं.

"किती झाली?" चिखल थुंकत मी ओरडले. "किती हात?"

"कसले हात?"

"उडी! मोजली ना कुणी?"

काकी खळखळून हसली. "येडी का खुळी! नवस फिटला तुजा. नवस काय मोजतात गो?"

नवस! माझं ते न जेवणं, ती दहा वर्षं... म्हणजे इतका वेळ मी क्रांती करत होते, आणि गाव देवीचं देणं फेडत होतं? संध्याकाळभर घसा फोडून सांगितलं, हा खेळ आहे, खेळ! काकी म्हणाली, "व्हय व्हय. आता जेव पोटभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर खांब गावाहून आलेली एक बाई ओट्यावर बसलेली.

"पोरगा कंपनीत परमनंट होत नाय, बाय. तुजी उडी देवीला पोचते म्हनतात. त्याच्या नावानं एक मारशील?"

मी तडक सुनावणार होते, की बाई, हे विज्ञानाचं युग आहे, असल्या उड्यांनी नोकऱ्या लागत नसतात. तोंडही उघडलं. पण बाहेर पडलं भलतंच.

"मोजाल?"

"मोजू की! म्या सोता टेप घिऊन हुबी ऱ्हाते."

आणि मी, गावाला जागं करायला आलेली मी, तिथल्या तिथे ठरवलं: येत्या रविवारी तिच्या पोराच्या नोकरीसाठी उडी मारायची.