काबऱ्याचं रक्त

आकाराम माझा शेजारी. कवठेमहांकाळच्या पुढं आमची वाडी. त्याचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे धरले तशी त्यानं मेंढरं विकली, पण काबऱ्या कुत्रा ठेवला. तोही आता म्हातारा, मागच्या पायानं लंगडणारा. चार दिवस काबऱ्यानं भाकरीला तोंड लावलं नाही, नुसतं पाणी पीत राहिला. तेव्हा आकारामचा पुतण्या धनाजी यानं पिकअप काढली आणि आम्ही काबऱ्याला सांगलीला, विश्रामबागेतल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"आवं आबा, सवता कवा दवाखान्याची पायरी चढला न्हाईसा, आन् कुत्र्याला सांगली दावताय व्हय?" धनाजी म्हणाला.

"मला बोलता येतंय. त्याला येतंय का?"

काबऱ्या परक्याला अंगाला हात लावू देत नाही. आकारामनं मेंढरू धरावं तसा त्याला छातीशी धरला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पायावरचे केस काढून सुईनं रक्त काढलं, तरी तो हलला नाही. तासाभरात रिपोर्ट आला.

"आजोबा, याच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. काही औषध दिलं होतं?"

"न्हाई बा."

"दुखण्याची गोळी वगैरे?"

"ती व्हय? ती माझी गुडघ्याची. अर्धी मला, अर्धी त्याला. लय लंगडायचा वो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

बाई म्हणाल्या, "माणसाची गोळी कुत्र्याला सोसत नाही, आजोबा."

मी मान खाली घातली. आकाराम भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवायचा, ते मी रोज बघत होतो. "गड्या, तुमचं दोघांचं दुखणं एकच," असं म्हणून हसतही होतो.

तीन दिवस रोज नेऊन सलाईन लावलं. पुन्हा रक्त तपासलं. किडनीचा आकडा उतरायचा तो आणखी चढला होता.

"आता घरी न्या," बाई म्हणाल्या.

आकारामनं सदऱ्याची बाही वर सारली. "माजं रगत घाला की त्याला. लागंल तेवढं घ्या."

"माणसाचं रक्त चालत नाही हो त्याला."

तो बाही तशीच धरून उभा राहिला. मग त्यानं काबऱ्याला उचललं.

धनाजीनं त्याला पुढं बसायला हाक मारली, पण तो मागंच चढला. मीही त्याच्याजवळ बसलो. मिरज मागं पडली, तरी त्याची बाही वर सारलेलीच होती.