फावडा घेऊन फिरायला

लहानपणी मला एका आवाजानं जाग यायची. बाप पहाटे धानाच्या बांधीवर निघताना वहाणा घालायला थांबायचा आणि फावड्याचा दांडा अंगणात टेकवायचा. ठक्. एकच. मग फावडा खांद्यावर चढायचा आणि नुसती पावलं ऐकू यायची.

त्याला कुणी फिरायला जाणं म्हटलं नाही. आता आम्ही तीन म्हातारे फिरायला जातो. मी, हिरालाल आणि यादोराव. गावातला सिमेंटचा रस्ता संपला की नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ लागते, तिच्यावरून तलावाकडं. रोज चाललं की भूक लागते, झोप लागते आणि किस्से साचत जातात. भूक आणि झोपेचं डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. किस्स्यांचं कुणी सांगितलं नव्हतं.

*

सुरुवात यादोरावच्या शुगरपासून झाली. मॅडम म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा आणि रोज चाला.

यादोराव म्हणजे तोंडाचा फटकळ माणूस. तो म्हणाला, "मॅडम, जिंदगीभर नांगरामागं चाललो. ते चालनं कुठं गेलं?"

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "काका, ते बैलांसाठी होतं. आता स्वतःसाठी चाला."

बाहेर येताच यादोरावनं आम्हा दोघांना सांगून टाकलं, उद्यापासून तिघांनी चालायचं.

*

पहिल्याच दिवशी यादोरावला जाग आली नाही. मग मी आणि हिरालाल दोघंच निघालो. हात रिकामे, खांद्यावर उपरण्यासारखा दुपट्टा, पाय उचलून चाललेलो. मॅडमनी भरभर चाला म्हटलं होतं.

आमच्याकडं पहाटे रिकाम्या हातानं, खांद्यावर दुपट्टा टाकून माणसं भरभर कुठं जातात? मयतीला!

वाटेत शेण गोळा करणाऱ्या एका बाईनं आम्हाला पाहिलं. तिनं विचार केला, हे तिघं नेहमी सोबत असतात, आज दोघंच दिसतात. आम्ही परत आलो तेव्हा यादोरावच्या अंगणात माणसं जमली होती. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

आवाजानं यादोराव उठून बाहेर आला, तोंडात कडुनिंबाचं दातन. गर्दी पाहून तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "कोन गेला गा?"

*

तेव्हापासून आम्ही रिकाम्या हातानं फिरत नाही. हिरालाल फावडा घेतो, यादोराव विळा घेतो, मी एक टोपली घेतो. हातात काही असलं की कुणी "कायले जाऊन रायले?" असं विचारत नाही.

पण हिरालालच्या हातात फावडा असला की त्याचं चालणं होत नाही. कुणाच्याही बांधीतून पाणी फुटलेलं दिसलं की तो उतरतो आणि माती ओढून ते बांधतो. अर्ध्या तासाचं फिरणं पार उन्हापर्यंत जायचं. एकदा पलीकडच्या गावचा एक माणूस आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा राहून बराच वेळ हिरालालचं काम पाहत होता. त्याला वाटलं, गडीमाणूस आहे.

तो म्हणाला, "बाबा, हात चांगला आहे तुमचा. उद्यापासून येता का?"

हिरालाल खूश झाला. दोन दिवस तो आमच्याशी भाव खाऊन बोलत होता.

*

तीन महिने चालूनही यादोरावची शुगर उतरेना. मॅडमनी विचारलं, किती चालता? त्यानं सांगितलं, पार सडकेच्या मोडावरच्या टपरीपर्यंत. मॅडमनी विचारलं, तिथं काय करता?

यादोराव म्हणाला, "जिलेबी खातो. येवढं चालल्यावर मानसाले भूक लागत नाई का?"

आता आम्ही उलट्या दिशेनं जातो. शुगर उतरली. टपरीवाला मात्र आमच्याशी बोलत नाही.

*

यंदा होळीनंतर हिरालालला लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा पाय फरफटत होता आणि बोलणं अर्धं तोंडातच राहत होतं. मॅडमनी व्यायाम शिकवले आणि म्हणाल्या, चालायचं, रोज चालायचं, खाटेवर पडून राहिलात तर खाट सुटणार नाही.

त्याचा मुलगा नागपूरला असतो. तो वाईट नाही. तो म्हणाला, "बाबा, धानाच्या रोवन्यापर्यंत तुम्ही सोताच्या पायानं बांधीवर गेले तर ठीक. नाईतर जमीन ठेक्यानं देतो अन् तुम्ही नागपूरले चला."

त्यानं बापासाठी चांगली काठी आणली होती, खाली रबर लावलेली. हिरालालनं ती डाव्या हातानं ढकलून दिली. एकेक शब्द जोडत तो म्हणाला, "काठी... लंगड्याले दे. मले फावडा दे."

मग फावडा उलटा धरून, पात्यापाशी हात ठेवून, दांडा टेकत तो चालू लागला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं यादोराव. आधी अंगणात, मग शेजारच्या घरापर्यंत, मग सिमेंटच्या रस्त्यावर. ठक्, ठक्, ठक्. पुढं पुढं तो एकटाच पाळीजवळच्या माझ्या दारापर्यंत यायला लागला. त्या आवाजानं गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या. यादोराव म्हणायचा, "हिरालाल, तू फिरून रायला का गाव खोदून रायला?"

पण पाळीपलीकडच्या बांधीपर्यंत जमत नव्हतं. पाळीचा चढ आला की तो थांबायचा, वर पाहायचा आणि मागं वळायचा.

*

रोवणा तोंडावर आला. लावणीचे पऱ्हे वीतभर झाले होते. हिरालालचा मुलगा रात्रीच्या गाडीनं आला.

सकाळी मी दारात बसून होतो. ठक् ऐकू येईना. घरातून माझी बुढी म्हणाली, "आज नाई येत वाटते. चाय पिऊन घ्या."

मी कप हातात घेतला. तेवढ्यात पावलं ऐकू आली. एक टेकलेलं, एक घासलेलं. नुसती पावलं.

मी उठून कुंपणाशी गेलो. हिरालाल समोरून चालला होता. फावडा खांद्यावर. मागं बऱ्याच अंतरावर त्याचा मुलगा होता, त्याच्या हातात ती रबराची काठी.

मी म्हटलं, "हिरालाल, थांब गा, मी येतो."

त्यानं खांद्यावरचा फावडा जरा सरकवला, पाळीचा चढ धरला आणि न थांबता चढून गेला.