माझ्या कोपरातलं आईच्या हातचं हाड

मित्रहो, आत्ताच चंद्रपूरहून परतलो. हे डाव्या हातानं टाइप करून राह्यलो.

गाडीवरून पडून उजवा कोपर निखळला होता, हाडही मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात स्वतःच हळूहळू वाकवायचा, चोळून घ्यायचा नाही.

पण आमच्या गावात मोडलेला हात मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल लावून रगडतातच. आईचा त्यात हातखंडा. मी ओरडलो की म्हणायची, "दुखून राह्यला म्हणजे मोकळा होऊन राह्यला."

आज एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "मालिश कोणी केली?"

आई कौतुकानं पुढं सरकली. "मीच केली जी. एक दिवस चुकवला नाई."

"चोळून चोळून तुम्ही मांसात नवीन हाड तयार केलं, बाई. आता कोपर वाकत नाही. पुन्हा ऑपरेशन केलं तरी भरवसा नाही."

घरी आई मला डाव्या हातानं जेवू देईना, स्वतःच भरवायला बसली. बोटांना अजून त्याच तेलाचा वास.

पहिला घास मी तिच्यासमोर थुंकला. तिनं तो उचलला आणि दुसरा कालवला.

तुम्ही गिळला असता?