चावीवाल्याची रोझमेरी

चावीवाल्याला खऱ्या नावानं शेवटची हाक कुणी मारली असेल, तर शाळेतल्या मास्तरांनी, हजेरी घेताना. पुढे एकतीस वर्षं तो गल्लोगल्ली पाण्याच्या चाव्या फिरवत राहिला. खांद्यावर त्याच्याहून उंच लोखंडी चावी आणि पाठीमागे आख्ख्या वस्तीच्या शिव्या. पाणी आलं तर नळ चांगला, नाही आलं तर मेला चावीवाला! निवृत्त झाल्यावरही कोरडी बादली दिसली की हा कावराबावरा होई. समोरची शिंपीण तर गंमत बघायला मुद्दाम रिकामी बादली दारात मांडून ठेवायची. हा बापडा गुपचूप भरून द्यायचा.

अशा माणसाच्या हाती रोझमेरीचं रोप, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच की.

पण वेळच तशी आली. त्याची बायको इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण. मोठ्या तापातून उठली ती नाक गमावूनच. म्हणजे नाक होतं जागेवर, चांगलं चाफेकळी, पण वास गेला. दोनदा दूध लागलं. पातेलं काळं झालं तरी हिला पत्ता नाही. कँटीनवाल्या बाईंनी सांगितलं, "महिनाअखेर एकदा माझ्यासमोर दूध तापवून दाखवा. पुन्हा लागलं तर भांडी घासायला बसावं लागेल."

"जन्मभर पळी धरली," ती घरी येऊन म्हणाली, "आता घासणी धरू?"

डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ एकच उग्र वास घेत राहा. नाकाला कधीकधी आठवतं. कधीकधी. चावीवाल्यानं त्यातलं 'कधीकधी' सोडून बाकी सगळं ऐकलं आणि थेट रोपवाटिका गाठली.

रोपवाली बाई फटकळ. तिनं सुईसारखी पानं बोटांत चुरडून त्याच्या नाकाशी धरली. डोक्यात झणझणीत कळ गेली. "बारा महिने हिरवी राहील. पण काका, पाणी कमी! माती खडखडीत वाळली की तांब्याभर घालायचं आणि तोंड फिरवायचं. ही तहानेनं नाही मरत, लाडानं मरते."

"मला काय सांगता? जन्म पाण्यातच गेलाय माझा," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय!"

पहिलं रोप आठ दिवसांत गेलं. दुसरं बारा. तिसऱ्याला त्यानं कानाला खडा लावला. बायको रोज सकाळी फांदीशी वाकायची. तो समोर उभा, जणू परीक्षेचा निकाल ऐकायला.

"काही?"

"नाही हो."

"उद्या येईल."

आणि तिची पाठ वळली की त्याला ती कोरडी माती बघवेना. पूर्वी गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी पोचायचं नाही, तेव्हा तो चावी पाच मिनिटं उशिरा बंद करायचा, साहेबांच्या नकळत. तोच हात आता फुलपात्र उचलायचा. एवढंसंच. मग आणखी एवढंसं.

कँटीनमधल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शेंडे तपकिरी दिसले. त्यानं रोप अलगद उपसलं. मुळं काळी, बुळबुळीत, आणि गटार उपसल्यासारखा घाण वास. त्यानं ते घाईघाईनं परत कुंडीत खोचलं, तोच बायको आली, वाकली, डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला.

"अहो! आला!"

"काय आला?"

"वास! झोंबरा, हिरवागार!"

तिचा चेहरा इतका उजळला होता की चावीवाल्यानं चिखलाचे हात पाठीमागे लपवले. सांगावं? रात्र गेली. सकाळी ती केस नीट बांधून निघाली, तेव्हाही तो दारात तोंड उघडून उभा राहिला. बाहेर पडलं ते एवढंच, "छत्री घे, ऊन आहे."

दुपारीच ती परत आली. पदरानं मान पुसत खाली बसली.

"लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटनाही वास आला म्हणे. फक्त मला नाही."

"मग काल..."

"काल काय? रोज तुम्ही असे आशाळभूत उभे. किती दिवस नाही म्हणू? आणि जायचं तर होतंच, वास येवो न येवो."

तो कुंडीकडे बघत राहिला. "अगं, झाड कुजलंय. मीच कुजवलं. काल नुसती घाण येत होती."

"असेल," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

उद्यापासून सातला जायचं होतं, भांड्यांवर. ती उठून आत गेली, चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि तोंड धुवायला मोरीत गेली. चावीवाला उठला. त्या दुधापाशी जाऊन उभा राहिला.